पाटलीणबाईंचा रहस्यकथांवरचा राग

बारामतीच्या एका वाचनालयात रहस्यकथांचं कपाट आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं सापडतं. अक्षर बारीक, उभट आणि रागावलेलं. 'प्रेत सकाळी सापडलं आणि डॉक्टर नुसतं बघून सांगतो, खून पावणेआठला झाला. आमच्याकडे तीन दिवसांनी अहवाल येतो, त्यातही नक्की वेळ नसते.' 'पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ कोण बसलं होतं? लेखकाला ठाऊक नाही.' 'पुन्हा स्वयंपाक्यानंच केलं. स्वयंपाक्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?'

हे लिहिणारी बाई विजयमाला चांदगुडे. भवानीनगरच्या पुढं, कालव्याच्या पलीकडं गोंदणवाडी नावाचं गाव आहे, तिथली ती पोलीस पाटील. वय बावन्न. दर दुसऱ्या गुरुवारी एसटीनं बारामतीला यायचं, चार पुस्तकं परत करायची, चार न्यायची, हा तिचा पंधरा वर्षांचा शिरस्ता. ग्रंथपाल प्राची तिला एकदा म्हणाली होती, "काकू, पुस्तकात लिहायचं नसतं हो." त्यावर विजयमाला म्हणाली, "मग त्यांना सांग, खोटं छापायचं नसतं." प्राचीनं नंतर कधी विषय काढला नाही. उलट काही सभासद पुस्तक घेण्याआधी मागचं पान उघडून बघायचे, काकूंचं मत काय आहे ते.

मत बहुतेक वेळा वाईटच असायचं. गुप्तहेर शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करतो, हे वाचलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पंचनाम्याला दोन पंच मिळवताना तिच्या चपला झिजल्या होत्या. प्रेत सापडलं म्हटलं की गावातले सगळे कर्ते पुरुष एकदम उसाला पाणी द्यायला जायचे. आणि इकडं पुस्तकात अकरा माणसं निमूट खुर्च्यांवर बसून तासभर भाषण ऐकतात. दुसरा राग मेलेल्या माणसावरून. पहिल्या दहा पानांत तो मरतो आणि पुढं त्याचं कुणाला काही नसतं. त्याला आई होती का, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का, कुणी विचारत नाही. तिसरा राग खेड्यातल्या माणसांच्या भाषेवरून, पण त्याबद्दल ती बोलायला लागली की एसटी चुकायची.

एवढा राग असून वाचायची कशाला, असं तिचा नवरा हिंदुराव विचारायचा. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "पुस्तकात निदान शेवटपर्यंत कुणीतरी विचारतंय, माणूस मेला कसा म्हणून. हितं दोन ओळीत फाईल बंद होती."

वाचनाचा नाद तिला बापाकडून लागला. बाप वालचंदनगरला कारखान्यात साचे करायचा, आणि पगाराच्या दिवशी एसटी स्टँडवरच्या टपरीतून खिशात मावणाऱ्या दोन रहस्यकथा आणायचा. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि मोकळ्या केसांची बाई असायची, म्हणून आई ती पुस्तकं घरात दिसू द्यायची नाही. ती गव्हाच्या कोठीत राहायची. विजयमाला सहावीत असल्यापासून ती पुस्तकं वाचायची, आणि सकाळी बाप सायकलवर शाळेत सोडायला निघाला की क्वार्टर्सच्या त्या सरळ रस्त्यावर दोघांचा वाद रंगायचा. बाप म्हणायचा वकिलानं मारलं, ती म्हणायची भावानं. बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं.

लग्न होऊन ती गोंदणवाडीला आली, दोन मुलं झाली, शेतात राबली. गावाला महिला पोलीस पाटील नेमायची म्हणून जाहिरात निघाली तेव्हा अर्ज करणाऱ्यांत ती एकटीच बारावी पास होती. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "हद्दीत प्रेत सापडलं तर काय कराल?" तिनं इतकं तपशीलवार सांगितलं, कशाला हात लावायचा नाही, पाऊलखुणा कशा राखायच्या, की साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात. "पुस्तकात," ती म्हणाली. साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

तीन महिन्यांत पुस्तक कुचकामी ठरलं. कालव्याला पाणी सुटलं होतं. इकडं त्याला आवर्तन म्हणतात. वरच्या कुठल्यातरी गावचा माणूस वाहत येऊन गोंदणवाडीच्या मोरीत अडकला होता. त्याचा चेहरा बघितल्यावर विजयमाला बाभळीआड जाऊन ओकली. पाऊलखुणा राखायचा प्रश्नच नव्हता, अर्धं गाव काठावर उभं होतं. पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हतं. हवालदार म्हणाला, "बादशाहला बोलवा."

बादशाह मुलाणीचं फाट्यावर मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडून त्यात नव्यानं तांब्याची तार गुंडाळायचा त्याचा धंदा. अंगानं वाळका, हात लांब. डाव्या हाताची करंगळी पंपाच्या कपलिंगमध्ये गेलेली. तो आला, चपला काढल्या, मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या चपलेत ठेवलं. खांद्यावर पिवळ्या नायलॉनच्या दोराचं वेटोळं होतं. दर दोन हातांवर गाठ, म्हणजे गढूळ पाण्यात डोळ्यांनी दिसत नसलं तरी किती लांब आलो ते हाताला कळतं. दोराचं टोक त्यानं हिंदुरावाच्या हातात दिलं, ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणाला आणि उतरला.

प्रेत काठावर आल्यावर त्यानं आधी आपला टॉवेल त्याच्यावर टाकला आणि मग ओल्या अंगानं शर्ट शोधत बसला. विजयमालानं विचारलं, "भाई, तुमी पुसायचं सोडून ते आधी का केलं?"

"वैनी, काठावर बायामाणसं हायती," तो म्हणाला. "आन् त्याला बी लाज हायच की."

त्या दिवसापासून दोघांचं एक न बोललेलं नातं जडलं. कालव्यात कुणी पडलं की ती धावत दुकानात जायची आणि बादशाह हातातली तार तशीच टाकून उठायचा. बारा वर्षांत त्यानं एकोणतीस माणसं काढली. त्यातली सहा जिवंत. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. पाण्याचा वेग किती आणि माणूस पडून किती वेळ झाला एवढं कळलं की तो बोट दाखवून सांगायचा, पुलाखाली सापडंल, न्हायतर तिसऱ्या चारीच्या तोंडाला, म्हणजे कालव्यातून शेताकडं पाट फुटतो तिथं. तो सांगेल तिथंच माणूस सापडायचा.

हे सगळं लिहून ठेवण्यासारखं आहे, असं विजयमालाला फार वाटायचं. पुस्तकातल्या कुठल्याच गुप्तहेराला बादशाहच्या नखाची सर येणार नाही, हे ती प्राचीलाही बोलली होती. त्याच बोलण्यानं पुढचा घोटाळा केला.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक लेखक वाचनालयात व्याख्यानाला आला. नाव ऋषिराज. त्याचं आडनाव विजयमाला आता तोंडानं घेत नाही. पस्तिशीचा, बोलायला गोड, दोन रहस्यकादंबऱ्या गाजलेल्या. पुढची कादंबरी खेड्यात घडवायची आहे, कुणी जाणकार भेटेल का, असं त्यानं प्राचीला विचारलं. प्राचीनं काकूंचं नाव सांगितलं.

तो दोन दिवस गोंदणवाडीला येऊन राहिला. विजयमालाच्या आयुष्यात ते दोन दिवस सणासारखे होते. ज्यांच्यावर आपण इतकी वर्षं पेन्सिलीनं चिडलो, त्यांच्यातला एक आपल्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खातोय आणि विचारतोय, काकू, खरं कसं असतं ते सांगा. तिनं सांगितलं. पंच कसे पळतात, पंचनाम्याच्या कागदावर मोठा दगड का ठेवावा लागतो. आणि बादशाहबद्दल सांगितलं. पिवळा दोर, गाठी, चपलेतलं घड्याळ, नसलेली करंगळी, टॉवेल. फोनवर सगळं रेकॉर्ड झालं. निघताना ऋषिराज म्हणाला, "काकू, असं पात्र मराठीत झालेलंच नाही."

ती हे वाक्य घेऊन बादशाहच्या दुकानात गेली. तो हसला. "माझ्यावर काय लिवत्यात वैनी? मी काय पुढारी हाय व्हय?" पण मेहबूबबीनं, त्याच्या बायकोनं, पुस्तक कधी येणार ते दोनदा विचारलं. मुलगी सुहाना तेव्हा दहावीला होती. ती म्हणाली, पुस्तक आलं की मी अब्बांना वाचून दाखवीन.

पुस्तक मागच्या वर्षी आलं. 'आठव्या गाठीचा दोर'. मुखपृष्ठावर काळं पाणी आणि त्यात तरंगणारा पिवळा दोर. प्राचीनं पहिली प्रत काकूंसाठी बाजूला ठेवली होती. विजयमालानं एसटीतच वाचायला घेतलं.

सुरुवातीला तिची छाती फुगली. सगळं खरं होतं. पंच पळत होते, कागदावर दगड होता. कालव्याकाठच्या गावात बायका एकामागून एक बुडून मरत होत्या आणि प्रत्येक वेळी सुलतान नावाचा एक माणूस त्यांना बाहेर काढत होता. वाळका, लांब हातांचा, डाव्या हाताची करंगळी नसलेला. चपलेत घड्याळ ठेवणारा. पुण्याहून गुप्तहेर येतो, प्रेत कुठं सापडेल हे सुलतानला आधीच कसं कळतं, असा प्रश्न त्याला पडतो. एसटी भवानीनगरला पोचली तेव्हा विजयमाला घरी न जाता उरलेली पानं वाचत स्टँडवरच्या बाकावर बसली. चाळीस वर्षांत खुनी कोण हे तिला नेहमी आधी कळायचं, आजही कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण चुकावं असं वाटत होतं.

ती चुकली नाही. सुलतानच खुनी होता. दोराच्या सात गाठी माप घ्यायला आणि आठवी गळ्याभोवती टाकायला. टॉवेल टाकायचा तो गळ्यावरचा वळ झाकायला. काठावर बायामाणसं आहेत, प्रेतालाही लाज असतेच, हे वाक्यसुद्धा कादंबरीत होतं, जसंच्या तसं, आणि त्यावर गुप्तहेर मनातल्या मनात म्हणतो की इतकी हळवी भाषा फक्त गुन्हेगारच बोलतात.

शेवटच्या पानावर आभार होते. 'गोंदणवाडीच्या पोलीस पाटील श्रीमती विजयमाला चांदगुडे यांनी दिलेल्या अमूल्य माहितीशिवाय ही कादंबरी उभी राहिली नसती.'

घरी आल्यावर तिनं पुस्तक हिंदुरावासमोर आपटलं. हिंदुरावानं कधी पुस्तक वाचलं नव्हतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "आगं, गोष्ट हाय ती. कोण वाचतंय?"

"मी वाचते," ती म्हणाली. "माझ्यासारखे हजार जण वाचत्यात. आन् जे वाचत न्हायती, त्यांना वाचणारे सांगत्यात."

झालंही तसंच. एका वर्तमानपत्रानं कादंबरीवर रविवारी पान भरून लिहिलं आणि त्यात या भागातलं वास्तव चित्रण म्हणून गोंदणवाडीचं नाव दिलं. कुणीतरी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणी लिहिलं, आपला बादशाहभाई. पुढं हसण्याची चित्रं. आधी थट्टाच होती. मोटार घेऊन येणारे लोक विचारायचे, काय भाई, आज कुणाचा नंबर. बादशाह हसून सोडून द्यायचा. मग वरच्या वाडीतली एक म्हातारी, जिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी त्यानं काढला होता, दुकानासमोरून जाताना तोंड फिरवून गेली. त्या मुलाला पोहता येत होतं, मग बुडला कसा, असं तिला कुणीतरी विचारलं होतं. नंतर कोणीतरी जुने दिवस मोजायला बसलं, बादशाहनं कितीजण काढले आणि त्याला जागा कशी कळायची. बारा वर्षं ज्याचं कौतुक होतं, तेच आता त्याच्याविरुद्ध जायला लागलं. सुहाना बारामतीला कॉलेजात जात होती. तिथं एका मुलीनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, तुझे वडील तेच ना. ती आठ दिवस कॉलेजला गेली नाही.

विजयमाला दुकानात गेली. बादशाह मान खाली घालून तार गुंडाळत होता.

"भाई, मला तोंड दाखवायला जागा न्हाय," ती म्हणाली.

"तुमी काय केलं, पाटलीणबाई."

बारा वर्षं तो तिला वैनी म्हणत होता. त्या एका शब्दानं तिला जे लागलं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मी त्याला खरं सांगितलं होतं. एक अक्षर खोटं न्हाय सांगितलं."

"ते ठावं हाय," तो म्हणाला. "सुहानानं वाचून दाखवलं. समदं खरं हाय त्यात. तेच वाईट हाय. खोटं असतं तर मी न्हाय म्हनलो असतो. आता काय म्हनू? दोर माझा न्हाय म्हनू? टावेल माझा न्हाय म्हनू?" मग तारेकडं बघतच म्हणाला, "इथनं पुढं मला बोलवू नगा. मी पान्यात उतरनार न्हाय."

विजयमालानं लेखकाला फोन लावला. तो उचलला गेला नाही. तिनं प्रकाशकाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी प्राचीचा फोन आला. ऋषिराज बारामतीला येतोय, कादंबरीवर चर्चा आहे. प्राचीचा आवाज पडलेला होता. "काकू, तुम्ही याल ना? मी मुद्दाम सांगतेय."

ती गेली. सभागृह भरलेलं होतं, शे-सव्वाशे माणसं, पुढच्या रांगेत प्राध्यापक. ऋषिराज छान बोलला. रहस्यकथा म्हणजे वाचकाशी खेळलेला प्रामाणिक खेळ, असं म्हणाला. सगळे धागे वाचकाच्या समोर ठेवायचे आणि तरी ज्याच्यावर सर्वांत कमी संशय येईल त्यालाच शेवटी उभं करायचं. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर विजयमाला उभी राहिली. तिचा आवाज माइकशिवायही मागच्या भिंतीला लागत होता.

"तुमचा नियम मला पाठ आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या जन्माआधीपासून हे वाचतेय. सर्वांत कमी संशय ज्याच्यावर, तोच खुनी. पण त्याच्यावर संशय का येत नव्हता हो? कारण तो चांगला माणूस होता. हे मी तुम्हाला माझ्या ओसरीवर बसून सांगितलं होतं."

ऋषिराजनं तिला ओळखलं. तो अदबीनं म्हणाला, "काकू, तुम्ही आलात, आनंद झाला. पण ही कल्पित कथा आहे. सुलतान हे काल्पनिक पात्र आहे."

"काय काल्पनिक आहे त्यात? बादशाहचा सुलतान केला, एवढीच तुमची कल्पना. करंगळी त्याची, दोर त्याचा, घड्याळ त्याचं, टॉवेल त्याचा. तो बोललेलं वाक्यसुद्धा तुम्ही उचललं. तुमच्या पदरचं काय घातलं? खून घातला."

सभागृहात चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बाई, साहित्याकडे असं बघायचं नसतं. लेखकाला स्वातंत्र्य असतं."

"असावं की," विजयमाला म्हणाली. "मी कुठं म्हणते, बंदी आणा. खून दाखवा, रक्त दाखवा, मला चालतं, मी त्यावरच वाढले. पण दरवेळी तुम्हाला खुनी हाताशी सापडतो तो कोण? स्वयंपाकी. गाडीवान. मुकी मोलकरीण. आता आमचा बादशाह. पुण्याहून आलेला गुप्तहेर एकदाही खुनी निघत नाही, बघा. चाळीस वर्षांत मी एक पुस्तक वाचलेलं नाही, ज्यात लेखकासारखा माणूस खुनी निघाला. पेन्सिलीनं लिहून लिहून माझी बोटं दुखली, पण तेव्हा मला वाटायचं ही नुसती आळशी माणसं आहेत, डोकं चालवत नाहीत. आता कळलं, त्याचं कुणाला तरी भोगावं लागतं. ज्या माणसावर संशय यायचं कारण नव्हतं, त्याच्यावर आज सगळ्या तालुक्याला संशय येतोय. तुम्ही गावात या. पारावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगा की बादशाह मुलाणीबद्दल जे चांगलं ते खरं आणि वाईट ते मी बनवलं. दहा मिनिटांचं काम आहे."

ऋषिराजचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता, हे विजयमालाला तेव्हाही दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "मला कल्पना नव्हती, काकू," तो म्हणाला. "मी नक्की येईन. तारीख कळवतो." मग सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर येताना दोन बाया तिच्यापाशी आल्या. एकीनं तिचा हात धरून बरं बोललात म्हटलं. दुसरीनं विचारलं, म्हणजे तो माणूस खरंच आहे का, बघायला मिळेल का. विजयमालानं तिच्याकडं असं बघितलं की ती बाई बाजूला झाली.

तारीख आली नाही. महिन्याभरानं कुरियरनं पाच प्रती आल्या, त्यावर सप्रेम भेट आणि सही. चार महिन्यांनी दुसरी आवृत्ती निघाली. प्राचीनं ती तिच्यापुढं ठेवली. विजयमालानं पानं चाळली. आभारातून तिचं नाव गेलं होतं. सुलतान होता तसाच होता. फक्त त्याची करंगळी आता डाव्या हाताची नसून उजव्या हाताची गेली होती.

ती हसलीसुद्धा नाही. "एवढी जागा मिळाली आमच्या माणसाला," ती प्राचीला म्हणाली. "एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत."

यंदा फेब्रुवारीत आवर्तन सुटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गावातली बनाबाई धापा टाकत विजयमालाच्या दारात आली. तिचे दीर दादासाहेब, सत्तरीचे, सायकलवर चाऱ्याचं ओझं घेऊन पुलावरून येत होते. पुलाला कठडा नाही. सायकल पुलाच्या कडेला आडवी पडलेली सापडली, ओझं खालच्या झुडपात अडकलेलं, आणि दादासाहेब कुठंच नव्हते. कुणी बघितलं नव्हतं. सायकल पहिल्यांदा दिसली त्याला दीड तास होऊन गेला होता. म्हणजे जिवंत मिळायची आशा नव्हती, मिळाले तर बरं एवढंच.

विजयमालानं पोलिसांना फोन केला. आपत्तीच्या पथकाला यायला तीन-चार तास लागतील, असं उत्तर आलं. तोवर पाणी माणसाला कुठल्या कुठं नेणार होतं. ती काठावर गेली. तीसेक माणसं उभी होती, सगळी पाण्याकडं बघत. एकानं हळूच म्हटलं, बादशाहला बोलवायला पायजे. काठावरच्या माणसांतलेच दोघे असे होते ज्यांनी ग्रुपवर हसण्याची चित्रं टाकली होती. विजयमालानं त्या दोघांकडं बघितलं. "आता खुनी पायजे व्हय तुमाला?" ती म्हणाली, आणि फाट्याकडं चालायला लागली.

बादशाहनं तिला लांबूनच बघितलं. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी सांगितलंय, पाटलीणबाई."

"दादासाहेब हायती, भाई. दीड तास झाला. बनाबाई काठावर बसलीय."

मेहबूबबी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. मग त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "लिवून द्या."

"काय?"

"मी सकाळपासनं हितं दुकानात हुतो. तुमी मला बोलवायला आला, किती वाजता आला. मी सोताहून आलो न्हाय. ते समदं लिवून द्या आन् सही करा. मंग येतो."

विजयमालाला संताप आला. तो बादशाहवर नव्हता. बारा वर्षांत एकोणतीस माणसं काढणाऱ्या या माणसाला, तिसाव्यासाठी पाण्यात उतरण्याआधी, आपण खून केला नाही याचा दाखला खिशात ठेवावा लागत होता. पुस्तकात संशयिताला नंतर विचारतात, त्या वेळी तू कुठं होतास. इथं तो आधीच उत्तर मागत होता.

तिनं दुकानातलंच पावतीपुस्तक ओढलं आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. 'आज दिनांक अकरा फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. श्री. बादशाह मुलाणी हे सकाळपासून आपल्या दुकानात कामावर आहेत असे त्यांच्या पत्नीने सांगितले व मी आले तेव्हा ते येथेच होते. मयताचा शोध घेण्यासाठी मी त्यांना पोलीस पाटील या नात्याने बोलावले आहे. ते स्वतःहून आलेले नाहीत.' शेवटचं वाक्य लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. खाली तिनं सही केली.

बादशाहनं ते एकेक अक्षर लावत दोनदा वाचलं, घडी करून मेहबूबबीच्या हातात दिलं आणि दोर उचलला.

काठावर त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पाण्याकडं बघितलं, एक काडी टाकून तिच्यामागं थोडं चालला. कुठं सापडेल हे या वेळी त्यानं तोंडानं सांगितलं नाही. हिंदुरावाच्या हातात दोराचं टोक देऊन तिसऱ्या चारीच्या तोंडाशी उतरला. दुसऱ्या बुडीला दादासाहेब मिळाले. वर आणल्यावर त्याचा हात सवयीनं टॉवेलकडं गेला आणि थांबला. तो तसाच उभा राहिला, टॉवेल हातात, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. विजयमालानं पुढं होऊन तो टॉवेल त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः दादासाहेबांवर पांघरला. बनाबाई तेव्हा उठली. गर्दीतून वाट काढत ती बादशाहपाशी आली आणि त्याच्या ओल्या पायाला हात लावून परत आपल्या दिरापाशी जाऊन बसली.

त्यानंतरही आवर्तनं सुरू राहिली, माणसंही पडत राहिली. बादशाह येतो. पण चिठ्ठी घेतल्याशिवाय उठत नाही. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, सही ठीक हाय पर शिक्का बी पायजे, उद्या कोन म्हनंल बाईनं खोटं लिवलं. विजयमाला वाद घालत बसली नाही. लिहायला चार मिनिटं लागतात. आजवर ती चार मिनिटं कुणाच्या जिवावर बेतली नाहीत, कारण दरवेळी माणूस आधीच गेलेला होता. पण एखाद्या दिवशी कुणीतरी पाण्यात हातपाय मारत असेल आणि ती पावतीपुस्तकावर वाजलेली वेळ लिहीत असेल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्या माणसाचा खून कुणी केला, हे कुठलं पुस्तक सांगणार नाही.

म्हणून कालव्याला पाणी सुटलं की ती आता एक काम करते. सकाळी भाकरी करून झाली की फाट्यावर जाते, दिवसाची चिठ्ठी आधीच लिहून, शिक्का मारून मेहबूबबीच्या हातात देते. वेळेची जागा तेवढी कोरी असते.